इम्युनोथेरपी सुरू असताना पोटातल्या जिवाणूंचं काय करायचं?

मानेवाडा_रोड

नमस्कार. घरातल्या ६२ वर्षांच्या पेशंटला फुप्फुसाचा कर्करोग आहे; नॉन-स्मॉल सेल, ॲडिनोकार्सिनोमा, स्टेज चार. उपचार नागपुरातच. दर २१ दिवसांनी पेम्ब्रोलिझुमॅब २०० मिग्रॅ, सोबत पेमेट्रेक्सेड आणि कार्बोप्लॅटिन. दोन सायकल झाल्या. शुगर नाही. ॲसिडिटीसाठी पँटोप्राझोल-डॉम्पेरिडोनची कॅप्सूल रोज सकाळी, वर्षानुवर्षं चालू आहे.

ओपीडीत डॉक्टर म्हणाले, "मनानं अँटिबायोटिक घेऊ नका, पोटातले जिवाणू गेले तर या औषधाचा जोर कमी पडतो." मागे रांग, पुढचं विचारायचं राहून गेलं. औषध शिरेतून जातं, गाठ फुप्फुसात आहे, मग आतड्यातल्या जिवाणूंचा संबंध आला कुठून? खरंच इन्फेक्शन झालं तर अँटिबायोटिक द्यायचं की नाही? भेटायला येणारे प्रोबायोटिकची पाकिटं आणून देताहेत, ती चालतील का? आणि ऑनलाइन एक 'गट टेस्ट' मिळते, घरून संडासचा नमुना पाठवायचा. करावी का?

पेट्रीडिश

संबंधापासून सुरू करू, बाकीचं त्यावरच उभं आहे.

पेम्ब्रोलिझुमॅब स्वतः कर्करोगाची एकही पेशी मारत नाही. आपल्या टी-पेशींवर (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) पीडी-१ नावाचा ब्रेक असतो आणि गाठ आपल्या अंगावरच्या पीडी-एल१ने तो दाबून धरते. औषध ते दाबणं थांबवतं, इतकंच. पण ब्रेक सुटून फायदा कधी? गाठीला ओळखणाऱ्या टी-पेशी आधीच तयार झाल्या असतील आणि गाठीत शिरल्या असतील तर. जिवाणूंचा हात आहे तो या तयारीत.

टी-पेशींना शिकवण्याचं काम डेंड्रायटिक पेशी करतात. त्या गाठीचे तुकडे उचलतात, लसिका ग्रंथीत नेतात आणि टी-पेशींसमोर धरतात. नुसते तुकडे दाखवून भागत नाही. सोबत आयएल-१२सारखे रासायनिक संदेशही सुटावे लागतात, नाहीतर टी-पेशी बघून न बघितल्यासारखं करतात. डेंड्रायटिक पेशी किती चेतलेल्या आहेत हे काही अंशी आतड्यातून रक्तात येणाऱ्या गोष्टींवर ठरतं: जिवाणूंच्या भित्तिकांचे तुकडे, ब्युटिरेटसारखी लहान साखळीची मेदाम्लं, इनोसिन. म्हणून जिवाणू आतड्यात आणि परिणाम फुप्फुसात, यात काही जादू नाही.

२०१५ मध्ये 'सायन्स'मध्ये दोन शोधनिबंध शेजारी शेजारी आले. शिकागोच्या गाजेव्स्की गटाने जॅक्सन आणि टॅकोनिक या दोन ठिकाणांहून आणलेले एकाच वंशाचे उंदीर घेतले. मेलानोमाची गाठ एकांत हळू वाढायची, दुसऱ्यांत भराभर. दोन्ही एका पिंजऱ्यात ठेवले की फरक नाहीसा, कारण उंदीर एकमेकांच्या लेंड्या खातात. फरक बराचसा बिफिडोबॅक्टेरियम या जिवाणूवर येऊन थांबला. जिवाणू तापवून मारून दिले तर परिणाम शून्य. पॅरिसच्या झिट्वोगेल गटाने दाखवलं की सीटीएलए-४ (टी-पेशींवरचा आणखी एक ब्रेक) रोखणारं औषध जंतुविरहित उंदरांत चालतच नाही. ठरावीक बॅक्टेरॉइडिस जिवाणू परत दिले की चालतं.

अँटिबायोटिकनंतर काय बिघडतं, त्याचा एक धागा २०२३ मध्ये हाती लागला. लहान आतड्याच्या शेवटच्या भागात रक्तवाहिन्यांवर एमएडीकॅम-१ नावाचं प्रथिन असतं. अल्फा-४-बीटा-७ खूण असलेल्या टी-पेशी त्याला धरून आतड्यातच थांबतात. अँटिबायोटिकनंतर रिकाम्या जागेत एन्टेरोक्लॉस्टरसारखे जिवाणू माजतात, एमएडीकॅम-१ घटतं आणि धरून ठेवलेल्या पेशी सुटतात. त्यातल्या काही दमन करणाऱ्या जातीच्या असतात; त्या थेट गाठीत जाऊन बसतात आणि तिथल्या लढाऊ पेशींना गप्प करतात. म्हणजे नुसते चांगले जिवाणू कमी झाले एवढंच होत नाही, चुकीच्या पेशी चुकीच्या जागी पोचतात.

माणसांतला पुरावा २०१८ पासून साचत गेला. तीन गटांनी, तिघांनीही औषध लागू पडलेल्या आणि न पडलेल्या पेशंटांच्या विष्ठेत फरक दाखवला. पॅरिसला अकरमॅन्सिया म्युसिनिफिला पुढे आला, ह्यूस्टनला रुमिनोकोकेसी कुळ आणि फिकॅलिबॅक्टेरियम, शिकागोला बिफिडोबॅक्टेरियम लाँगम आणि मंडळी. तिघांची यादी एक नाही, हे ध्यानात ठेवा.

औषधाची_चिठ्ठी

अँटिबायोटिकबद्दल मी लिहितो. धंतोली-रामदासपेठच्या प्रत्येक काउंटरवर रोज हाच घोळ चालतो.

सगळ्यात आधी: खरं इन्फेक्शन असेल तर अँटिबायोटिक द्यायचंच, आणि लगेच. तुमच्या पेशंटला कार्बोप्लॅटिनही चालू आहे, म्हणजे पांढऱ्या पेशी पडू शकतात. ताप एकदा जरी ३८.३ सेल्सिअस म्हणजे १०१ फॅरनहाइट झाला, किंवा ३८.० म्हणजे १००.४ तासभर टिकला, तर घरी पॅरासिटामॉल देऊन वाट बघत बसू नका. थेट हॉस्पिटल. सीबीसीत न्यूट्रोफिलची (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) संख्या ५०० च्या खाली असेल तर पहिला डोस तासाभरात शिरेतून जायला हवा. 'जिवाणू मरतील' म्हणून इथे थांबलात तर पेशंट सेप्सिसमध्ये जाईल, आणि मग इम्युनोथेरपीची चर्चा करायला कोणी उरणार नाही.

टाळायचं ते बिनकामाचं अँटिबायोटिक, आणि ते तीन दारांतून आत येतं.

पहिलं, सर्दी-खोकल्याला ॲझिथ्रोमायसिनचा तीन किंवा पाच दिवसांचा कोर्स. बहुतेक सर्दी विषाणूची असते. शिवाय या पेशंटला नवा कोरडा खोकला आणि दम असेल तर तो इम्युनोथेरपीमुळे आलेला न्यूमोनायटिस, म्हणजे फुप्फुसाची सूज, असू शकतो. तिथे स्टेरॉइड लागतं. ॲझिथ्रोमध्ये घालवलेला आठवडा महाग पडतो.

दुसरं, पोट बिघडलं की दुकानातून मागितलेली ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची गोळी. पट्टीवर उभी लाल रेघ असते, चिठ्ठीशिवाय द्यायची नसते, तरी मिळते. एका गोळीत दोन अँटिबायोटिकं, आणि ऑर्निडाझोल नेमकं विनाप्राणवायू जगणाऱ्या जिवाणूंवर चालतं. आतड्यातले कामाचे जिवाणू जवळजवळ सगळे त्याच जातीचे. यापेक्षा नेम धरून नुकसान करणं अवघड.

तिसरं, दात काढल्यावर 'सेफ्टीसाठी' पाच दिवस अमॉक्सी-क्लॅव्ह. डेंटिस्टला इम्युनोथेरपीचं कार्ड दाखवा आणि विचारा, पू आहे का, सूज पसरते आहे का, का नुसतंच? जमलं तर दाताचं काम सायकल सुरू व्हायच्या आधीच उरकून घ्यावं.

द्यावंच लागलं तर चार गोष्टी मागा: पहिल्या डोसआधी कल्चर, रिपोर्ट आल्यावर शक्य तितकं नेमकं अँटिबायोटिक, ठरलेले दिवस, आणि ऑन्कॉलॉजिस्टच्या फाइलवर तारखेसह नोंद. इम्युनोथेरपीचा पुढचा डोस केवळ अँटिबायोटिक झालं म्हणून पुढे ढकलत नाहीत. ढकलला तर इन्फेक्शन निवळलं नाही म्हणून.

आता तुम्ही सहज लिहून गेलात ती पँटोप्राझोलची कॅप्सूल. पोटातलं आम्ल कमी झालं की तोंडातले जिवाणू जिवंत खाली उतरतात आणि आतड्यात घर करतात. ॲटेझोलिझुमॅब या अशाच इम्युनोथेरपीच्या दोन चाचण्यांचे आकडे एकत्र तपासले तेव्हा पीपीआय (पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी औषधं) घेणाऱ्यांचं मध्यम आयुर्मान ९.६ महिने निघालं, न घेणाऱ्यांचं १४.५. त्याच चाचण्यांत डोसिटॅक्सेल या किमोच्या गटात पीपीआयमुळे असा फरक दिसला नाही. पण उद्याच बंद करू नका. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम सोडली की आम्ल उसळतं, छातीत आग पडते आणि आठवड्यात पेशंट परत गोळीवर येतो. डॉक्टरांना विचारून ४० ची २०, मग एक दिवसाआड, मग लागेल तेव्हा फॅमोटिडीन किंवा अँटासिड, असं दोन-चार आठवड्यांत उतरवतात. अल्सरमधून रक्तस्राव झालेला असेल, ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल चालू असेल किंवा स्टेरॉइडचा मोठा कोर्स चालू असेल, तर गोळी राहू द्यावी.

पेमेट्रेक्सेडच्या आदला दिवस, तो दिवस आणि दुसरा दिवस डेक्सामेथासोन ४ मिग्रॅ दोनदा असतं. ते स्टेरॉइड म्हणून घाबरून चुकवू नका. चुकवलं तर अंगावर पुरळ येतं.

मानेवाडा_रोड

खूप आभार. पीपीआयचं तर डोक्यातच नव्हतं. प्रोबायोटिकचं राहिलं. आणि दही? घरी रोज विरजण लागतं.

ज्वारी_ते_जवस

पाकिटं बाजूला ठेवा, ताट पुढे ओढा.

२०२१ मध्ये मेलानोमाच्या पेशंटांचा एक अभ्यास आला. १२८ जणांच्या आहाराची नोंद होती. दिवसाला २० ग्रॅम किंवा जास्त तंतुमय पदार्थ खाणाऱ्यांत आजार जास्त काळ आटोक्यात राहिला. दर ५ ग्रॅम वाढीमागे आजार वाढण्याचा किंवा मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी कमी. सगळ्यात बरी स्थिती कोणाची? तंतू भरपूर आणि दुकानातलं प्रोबायोटिक नाही, त्यांची. त्याच गटाने उंदरांना प्रोबायोटिक दिलं तर औषधाचा परिणाम उलट घटला.

अँटिबायोटिकनंतर 'भरून काढायला' प्रोबायोटिक देण्याची पद्धत तर आणखीच शंकास्पद आहे. २०१८ मध्ये इस्रायलच्या वाइझमन संस्थेत अँटिबायोटिक दिलेल्या निरोगी लोकांचे गट केले. ११ जातींचं प्रोबायोटिक घेणाऱ्यांचे मूळ जिवाणू परत यायला, काहीच न घेणाऱ्यांपेक्षा जास्त वेळ लागला. बाहेरून आलेले जागा अडवतात, घरचे बाहेर उभे.

पाकिटात सॅकरोमायसिस बोलार्डी असेल तर तो जिवाणू नाही, यीस्ट आहे. पेशंटला केमोपोर्ट किंवा पिक लाइन (औषधासाठी शिरेत बसवून ठेवलेली नळी) असेल तर ते द्यायचंच नाही, आणि त्या खोलीत पाकीट फोडायचंही नाही. भुकटी हवेत उडते, हाताला लागते, लाइनच्या तोंडाशी पोचते आणि रक्तात यीस्ट वाढल्याच्या नोंदी आहेत.

दही चालेल. उकळलेल्या दुधाचं, स्वच्छ भांड्यातलं, त्या दिवशीचं. ते औषध म्हणून नको, अन्न म्हणून खा. पेशी फार पडलेल्या असतील तेवढे दिवस वॉर्डात सांगतील तसं थांबवा. बाहेरची लस्सी, रसवंतीचा बर्फ, कापून ठेवलेली फळं मात्र या काळात नाहीच.

आता २० ग्रॅम म्हणजे किती? आपल्याकडचं जेवण चांगलं असेल तर हे अवघड नाही. १०० ग्रॅम ज्वारीच्या पिठात सुमारे १० ग्रॅम तंतू असतात. म्हणजे मध्यम दोन भाकरी. आख्खे मूग ३० ग्रॅम भिजवून उसळ केली तर ५. तुरीचं घट्ट वरण, ३० ग्रॅम डाळीचं, अडीच-पावणेतीन. गवार किंवा वांग्याची वाटीभर भाजी ४ ते ५. अर्धा पेरू ४. दोन चमचे जवसाची चटणी, अडीच. झाले की २५ च्या वर. पांढऱ्या भातात १०० ग्रॅम तांदळामागे जेमतेम ३. आणि संत्र्यावर आपलं कितीही प्रेम असलं तरी १०० ग्रॅममध्ये सव्वा ग्रॅमच्या आसपास, तेही फोडीच्या सालीसकट खाल्लं तर. रस काढला की तेवढंही गाळणीत राहतं.

घाई केली की काय बिघडतं ते सांगते. आज ८ ग्रॅमवर असलेल्या माणसाला उद्या २५ दिले तर पोट फुगतं, गॅस होतो, मळमळीत भर पडते आणि तो पानावरून उठतो. आठवड्याला ४-५ ग्रॅम वाढवा. किमोनंतरचे तीन-चार दिवस काहीच वाढवू नका. मऊ भात, कढी, मुगाची खिचडी, जे जाईल ते. उलटीसाठी दिलेल्या ऑनडॅन्सेट्रॉनने बद्धकोष्ठ होतं, तेव्हा तंतूंसोबत पाणी हवंच. वजन उतरत असेल तर आधी प्रथिनं, किलोमागे १.२ ते १.५ ग्रॅम. भाकरीने पोट भरून अंडं आणि पनीर पानात राहिलं तर हिशेब चुकला. आतड्यात गाठीचा अडथळा असेल, पोटाच्या खालच्या भागाला रेडिएशन चालू असेल किंवा नवीन स्टोमा (पोटावर काढलेलं शौचाचं तोंड) असेल, तर हा सगळा सल्ला उलटा: तंतू कमी ठेवा.

इसबगोल विचाराल म्हणून आधीच: बद्धकोष्ठावर चांगलं आहे, पण आतड्यातले जिवाणू ते फारसं पचवत नाहीत. ब्युटिरेट हवं असेल तर डाळी, कडधान्यं, भरड धान्यं.

आकडेमोड

वरच्या सगळ्यांशी कृती म्हणून सहमत, पण आकडे वाचताना जरा दमानं.

२०१९ मध्ये 'जामा ऑन्कॉलॉजी'त १९६ पेशंटांचा अभ्यास आला. इम्युनोथेरपीच्या आधीच्या ३० दिवसांत ब्रॉड-स्पेक्ट्रम अँटिबायोटिक घेतलेल्यांचं मध्यम आयुर्मान २ महिने, न घेतलेल्यांचं २६. हा आकडा व्हॉट्सॲपवर फिरतो आणि लोक न्यूमोनियातही अँटिबायोटिक नाकारतात. पण सुरुवातीला अँटिबायोटिक कोणाला लागतं? ज्याचा न्यूमोनिया गाठीमागे अडकलाय, जो खाटेला खिळलाय, ज्याला कॅथेटर आहे, त्याला. तो तसाही कमी जगणार होता. सांख्यिकी दुरुस्ती केली तरी 'किती आजारी' हे पूर्ण पकडता येत नाही. त्याच अभ्यासात इम्युनोथेरपी सुरू असताना अँटिबायोटिक घेतलेल्यांत आयुर्मानाचा असा फरक आढळला नाही. तुमच्या पेशंटच्या दोन सायकल झाल्या आहेत, म्हणजे तो या दुसऱ्या गटात मोडतो.

स्टेरॉइडचंही असंच झालं होतं. सुरुवातीला १० मिग्रॅ किंवा जास्त प्रेडनिसोन घेणाऱ्यांचा निकाल वाईट दिसला. नंतर ६५० जणांत कारणानुसार वेगळं केलं तर वाईट निकाल फक्त दम, वेदना, मेंदूतल्या गाठी अशा त्रासांसाठी स्टेरॉइड घेणाऱ्यांत होता. दमा किंवा संधिवातासाठी घेणाऱ्यांत नव्हता.

आता 'गट टेस्ट'. करू नका. बऱ्याच घरगुती टेस्ट १६एस पद्धतीच्या (जिवाणूंचा एकच जनुक वाचणाऱ्या) असतात; त्यात जिवाणूचं कूळ-प्रजाती कळते, नेमकी जात बहुतेक वेळा कळत नाही, आणि इथे खेळ जातीपातळीवर आहे. आकडे टक्केवारीत येतात. एक जिवाणू घटला की बाकीचे न वाढताही वाढलेले दिसतात. त्या आठवड्यात जुलाब झाले, बद्धकोष्ठ झालं, तरी चित्र बदलतं. नमुना स्थिर करणाऱ्या द्रवात नीट हलवून मिसळला नाही आणि मे महिन्यात ४५ अंशांत कुरिअरच्या डब्यात दोन दिवस पडला, तर प्रयोगशाळेत पोचते ती वाटेत वाढलेली वस्ती.

समजा रिपोर्ट अगदी बरोबर आला, पुढे काय? २०२२ मध्ये मेलानोमाच्या अनेक देशांतल्या गटांचा डेटा एकत्र केला तेव्हा सगळीकडे सारखाच निर्णायक ठरेल असा एकही जिवाणू निघाला नाही. अकरमॅन्सिया घ्या, सगळ्यांचा लाडका. फुप्फुसाच्या ३३८ पेशंटांत तो असणाऱ्यांचं बरं चाललं, पण प्रमाण सुमारे ४.८ टक्क्यांच्या वर गेलेल्यांत निकाल पुन्हा खाली आला. तुमच्या रिपोर्टवर 'अकरमॅन्सिया ६ टक्के, उत्तम' असं हिरव्या रंगात छापून येईल. उत्तम कशावरून?

पेट्रीडिश

आकडेमोड यांचं निरीक्षणांबद्दल बरोबर आहे. पण फक्त निरीक्षणंच असती तर मी इतकं ठामपणे लिहिलं नसतं. २०२१ मध्ये विष्ठा प्रत्यारोपणाच्या दोन छोट्या चाचण्या आल्या. मेलानोमाच्या ज्या पेशंटांवर पीडी-१चं औषध लागू पडलं नव्हतं, त्यांना लागू पडलेल्यांच्या विष्ठेतले जिवाणू दिले आणि तेच औषध पुन्हा दिलं. इस्रायलमध्ये १० पैकी ३ जणांच्या गाठी आकसल्या. पिट्सबर्गला १५ पैकी ६ जणांना फायदा झाला. बाकीचं औषध तेच, बदलले ते जिवाणू. तुलनेचा गट नव्हता हे मान्य, पण कार्यकारणाकडे बोट जातं ते इथे. किडनीच्या कर्करोगात क्लॉस्ट्रिडियम ब्युटिरिकमच्या सीबीएम५८८ या एका ठरावीक जातीची ३० जणांची चाचणीही झाली: आजार आटोक्यात राहण्याचा काळ १२.७ महिने, विरुद्ध २.५. चिठ्ठी टाकून गट पाडले होते, पण ३० म्हणजे ३० च. आणि 'प्रोबायोटिक' लिहिलेलं कुठलंही पाकीट म्हणजे सीबीएम५८८ नव्हे.

कोणी घरी प्रत्यारोपण करायचा व्हिडिओ पाठवेल, म्हणून लिहून ठेवतो: २०१९ मध्ये अमेरिकेत दात्याच्या विष्ठेतून ईएसबीएल जातीचा (बऱ्याच अँटिबायोटिकना दाद न देणारा) ई. कोलाय दोन पेशंटांच्या रक्तात गेला, एक दगावला. दात्याच्या नमुन्याची त्या जिवाणूसाठी तपासणी झाली नव्हती.

डेकेअर_खुर्ची

जुलाबाचं कोणी नीट लिहिलं नाही, ते लिहिते. घरी सगळ्यात जास्त चूक इथे होते.

इम्युनोथेरपीने सोडलेल्या टी-पेशी कधी कधी आतड्यावरच उलटतात. त्याला इम्यून कोलायटिस म्हणतात. पहिल्या डोसनंतर काही आठवड्यांत किंवा काही महिन्यांनी, केव्हाही. घरी मोजायचं ते एवढंच: नेहमीपेक्षा दिवसाला किती वेळा जास्त. वाढ ४ पेक्षा कमी असेल, तर फोन करून कळवा आणि पाणी-ओआरएस चालू ठेवा. ४ ते ६ जास्त, तर त्याच दिवशी या. ७ किंवा अधिक, रक्त, पोटात कळा, ताप, रात्री झोपेतून उठून जावं लागणं, यातलं काहीही असेल तर कॅज्युअल्टी.

घरी काय करू नये: लोपेरामाइड घेऊन बंद करू नका, मोजणी बिघडते आणि आतली सूज वाढत राहते. वर लिहिलेली ओफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोल तर नाहीच. 'काल तर्री जास्त झाली' किंवा 'सावजीचं मटण बाधलं' असं आपणच निदान करून दोन दिवस काढू नका. तर्रीने लागलेली संडास एक दिवसात आवरते. नाही आवरली तर तर्रीला दोष देणं थांबवा.

आम्ही काय करतो: संडासच्या नमुन्यात सी. डिफिसिल या जिवाणूचं टॉक्सिन, कल्चर, परजीवी, कॅलप्रोटेक्टिन (आतड्याची सूज दाखवणारं प्रथिन), लागलं तर सिग्मॉइडोस्कोपी (दुर्बिणीने मोठ्या आतड्याची तपासणी) आणि बायोप्सी. इन्फेक्शन नसेल तर प्रेडनिसोलोन किलोमागे १ ते २ मिग्रॅ, मग ४ ते ६ आठवड्यांत हळूहळू कमी. बरं वाटलं म्हणून पेशंट दहाव्या दिवशी स्टेरॉइड स्वतः बंद करतो आणि कोलायटिस परत येतो, हे नेहमीचं. ३ ते ५ दिवसांत उतार नसेल तर इन्फ्लिक्सिमॅब किंवा वेडोलिझुमॅब ही सूज आवरणारी इंजेक्शनं. इन्फ्लिक्सिमॅबआधी टीबी आणि हेपटायटिस बी तपासतात. जुना टीबी झालेला असेल तर तो आठवणीने सांगा, 'तीस वर्षं झाली' म्हणून गाळू नका. वेडोलिझुमॅब रोखतं ते पेट्रीडिश यांनी लिहिलेली तीच अल्फा-४-बीटा-७ची पकड.

येताना फोनमध्ये तीन दिवसांच्या वेळा टिपून आणा, आणि घेतलेल्या प्रत्येक गोळीची पट्टी. रिकामी असली तरी.

हिंगणा_वळण

इथेच विचारतो. खर्ऱ्यामुळे झालेला तोंडाचा कर्करोग, पेशंट नळीवर आहे. निव्होलुमॅब २० मिग्रॅ दर तीन आठवड्यांनी, सोबत मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब, एर्लोटिनिब. जखमेला वास येतो म्हणून मेट्रोनिडाझोलच्या गोळ्या चालूच असतात. नळीतून तंतू कसे देणार?

औषधाची_चिठ्ठी

ही टाटा मेमोरियलची पद्धत आहे. तिथल्या चाचणीत १५१ जणांत कमी डोसचं निव्होलुमॅब जोडल्यावर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६.३ टक्क्यांवरून ४३.४ वर गेलं. वासासाठी मेट्रोनिडाझोल पोटातून सतत देण्यापेक्षा जखमेवर लावता येतं: जेल, किंवा गोळीची बारीक पूड ड्रेसिंगच्या वेळी. वास कमी होतो आणि आतड्यात फारसं काही जात नाही. डॉक्टरांकडून बदलून घ्या. सूज-पू पसरत असेल तर मात्र पोटातूनच लागेल.

आणि पीपीआय चालू आहे का ते बघा. आम्ल कमी झालं की एर्लोटिनिब नीट विरघळत नाही. ओमेप्राझोलसोबत रक्तातलं प्रमाण जवळपास निम्म्याने घटतं. इथे जिवाणूंआधी हेच कारण पुरेसं आहे.

ज्वारी_ते_जवस

नळीतून डाळीचं पाणी जातं तेव्हा तंतू गाळणीतच राहतात, म्हणून 'रोज डाळ देतो' हे मोजू नका. मोड आणलेल्या नाचणीचं सत्त्व पातळ शिजवून, मलमलच्या कापडातून गाळून, १४ किंवा १६ नंबरच्या नळीतून जातं. तंतू वाढवायचे असतील तर अंशतः विघटित ग्वार गमची भुकटी मिळते; ती घट्ट होत नाही आणि जिवाणू ती पचवतात. ३-५ ग्रॅमपासून सुरुवात. साधा ग्वार गम किंवा इसबगोल नळीत कधीच नाही. दोन्ही फुगून जेली होते, नळी तुंबते आणि ती बदलायला पुन्हा मेडिकल कॉलेजची वारी.

प्रत्येक फीड २०० ते २५० मिली, आधी आणि नंतर ३० मिली कोमट पाणी, डोकं ३० ते ४५ अंश वर, आणि फीड झाल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच. औषधं फीडमध्ये कालवू नका, वेगळी द्या. एर्लोटिनिबने स्वतःहूनही जुलाब होतात, तेव्हा डेकेअर_खुर्ची यांची मोजणी तुम्हालाही लागू, फक्त कळवताना एर्लोटिनिब चालू आहे हे पहिल्या वाक्यात सांगा.